अर्ध्या इंचाची बचत

माझ्या टेबलावर दोन काडतुसं शेजारी शेजारी उभी आहेत. दोन्हींच्या तोंडाशी बसवलेली गोळी एकाच व्यासाची, ०.३०८ इंचाची. वजनही सारखंच, १८० ग्रेन, म्हणजे पावणेबारा ग्रॅमच्या आसपास. कंपनीने छापलेला वेग एकीचा सेकंदाला २,९६० फूट आणि दुसरीचा २,९७०. फरक आहे तो उंचीत. पहिलं काडतूस जवळपास ८५ मिलिमीटर उंच, दुसरं ७२.६. पहिलं उंच पेल्यासारखं सडपातळ, दुसरं लोटीसारखं बसकं.

पहिलं १९६३ सालचं .३०० विंचेस्टर मॅग्नम. दुसरं २००१ साली बाजारात आलेलं .३०० विंचेस्टर शॉर्ट मॅग्नम. या बारा मिलिमीटरांसाठी, म्हणजे अर्ध्या इंचासाठी, अमेरिकेत नव्या रायफली घडवल्या गेल्या, पेटंटं निघाली, कोर्टात दावे उभे राहिले, आणि शिकाऱ्यांचा वाद अजून मिटलेला नाही. माझं मत आधीच सांगून टाकते. आखूड काडतुसाची खरी कमाई ताकदीत नाही, ती रायफलीच्या बांधणीत आहे. जाहिरातींनी मात्र ताकदच विकली.

मी कोल्हापूरची. वडिलांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप होतं, त्यामुळे पितळ, पोलाद आणि एका सुताचा हिशेब या गोष्टी घरातच ऐकत वाढले. पुढे मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि नोकरीच्या निमित्ताने कोलोरॅडोत, फोर्ट कॉलिन्सला आले. इथे शरद ऋतूत मी एल्कच्या शिकारीला जाते. एल्क म्हणजे आपल्या सांबराहून मोठं हरीण. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या पुढे जातो. परवाना मिळाला आणि शिकार झाली, तर आमच्या घरी वर्षभर तेच मटण असतं.

भारतातल्या नातेवाइकांना हे सांगितलं की आधी शांतता पसरते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार हा गुन्हा आहे, आणि आपल्या जंगलांची अवस्था पाहता तो कायदा हवाच, याबद्दल माझ्या मनात कसलाही किंतु नाही. इथली घडी निराळी बसली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोतले एल्क जवळपास संपले होते. १९१३ आणि १९१४ साली यलोस्टोनच्या परिसरातून एल्क आणून एस्टेस पार्कच्या खोऱ्यात सोडावे लागले. आज जगात सर्वाधिक एल्क याच राज्यात आहेत. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफली आणि काडतुसांवरच्या ११ टक्के कराचा पैसा वन्यजीवांच्या रक्षणासाठी राज्यांना जातो. दर वर्षी किती परवाने द्यायचे हे राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं. अनेक भागांत त्यासाठी सोडत निघते. १ जानेवारी १९४९ला किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय परवाना मिळत नाही. अंगावर भडक केशरी किंवा गुलाबी कापड घालावंच लागतं. आणि खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा गुन्हा आहे.

याच नियमांत काडतुसाचाही नियम आहे. एल्कसाठी गोळी किमान ८५ ग्रेनची हवी, ती आत गेल्यावर पसरणारी हवी आणि शंभर यार्डांवर तिच्यात किमान १,००० फूट-पौंड ऊर्जा उरलेली हवी. कारण एकच, जनावर जखमी होऊन तडफडत राहू नये. मग प्रश्न येतो की एवढ्यावर भागत असेल तर साडेतीन हजार फूट-पौंडांचं मॅग्नम लागतं कशाला?

त्यासाठी काडतूस कसं चालतं ते पाहू. त्याचे भाग चारच: पितळेचं कवच, त्याच्या बुडाशी प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. घोड्याचा टोला प्रायमरवर बसतो, ठिणगी पडते, दारू पेटते, वायूचा दाब वाढतो आणि गोळी नळीतून ढकलली जाते. दारू जास्त, तर वेग जास्त. मॅग्नम म्हणजे त्याच व्यासाच्या गोळीमागे नेहमीपेक्षा जास्त दारू मावेल असं मोठं कवच. मोठं करायचे मार्ग दोनच. उंची वाढवा, नाहीतर घेर वाढवा.

विसाव्या शतकाचा बराचसा काळ उंची वाढवण्यात गेला, आणि त्याचं कारण आपल्या हवामानापर्यंत येऊन पोचतं. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीने १९१२ साली .३७५ मॅग्नम काढलं ते आफ्रिका आणि हिंदुस्थानातल्या मोठ्या शिकारीसाठी. तेव्हाची ब्रिटिश दारू म्हणजे कॉर्डाइट, शेवयांसारख्या लांब कांड्यांची. निलगिरीत अरुवनकाडूला जो कारखाना आहे त्याचं नाव आजही कॉर्डाइट फॅक्टरीच आहे. कॉर्डाइट उन्हात तापलं की काडतुसातला दाब वाढायचा आणि रिकामं कवच कोठीत, म्हणजे रायफलीत काडतूस बसतं त्या जागेत, अडकून बसायचं. समोर वाघ किंवा गवा असताना ते अडकून चालत नाही. म्हणून कवच लांब आणि निमुळतं केलं, म्हणजे ते सहज मागे ओढलं जाईल. निमुळत्या कवचाचा खांदा, म्हणजे गोळीकडे अरुंद होत जाणारा भाग, इतका उतरता असतो की कोठीत काडतूस नेमकं कुठे थांबायचं ते त्या खांद्यावर सोपवता येत नाही. म्हणून बुडाजवळ पितळेचाच एक जाड पट्टा ठेवला. तो कोठीतल्या कडेला टेकतो आणि काडतूस जागच्या जागी बसतं.

पुढे कॉर्डाइट गेलं, बारीक दाण्यांची दारू आली. .३०० विंचेस्टर मॅग्नमचा खांदा तर पट्ट्याशिवायही पुरेल इतका स्पष्ट आहे. तरी पट्टा राहिलाच, कारण मॅग्नमला पट्टा असतो अशी गिऱ्हाइकाची समजूत झाली होती. यंत्रांच्या जगात अशा गोष्टी मी खूप पाहिल्या आहेत. ज्या अडचणीसाठी भाग जोडला ती अडचण संपते, भाग मात्र ड्रॉइंगवर तसाच राहतो. आणि हा पट्टा निरुपद्रवी नाही. काडतूस पट्ट्यावर टेकलं की खांद्यापुढे थोडी मोकळी जागा राहते. बार होताना पितळ त्या जागेत ताणलं जातं. तेच कवच पुन्हा पुन्हा भरून वापरलं, तर पट्ट्याच्या जरा वर ते पातळ होत जातं आणि अखेरीस तडकतं.

घेर वाढवायचा मार्ग रेमिंग्टन कंपनीने १९६५ साली आजमावला. .३५० रेमिंग्टन मॅग्नम हे आखूड, जाड पण पट्टा असलेलंच काडतूस त्यांनी साडेअठरा इंची नळीच्या इवल्या मॉडेल ६०० रायफलीत घातलं. नळी आखूड, रायफल हलकी, दारू भरपूर. खांद्याला धक्का आणि कानठळ्या बसवणारा आवाज यामुळे ती लोकांना झेपली नाही, आणि १९६८ साली मॉडेल ६०० बंद झालं. कल्पना चुकीची नव्हती. ती चुकीच्या रायफलीत घातली गेली होती.

या कल्पनेला बळ मिळालं ते शिकारीबाहेरून, नेमबाजीच्या टेबलावरून. १९७०च्या दशकाच्या मध्यावर लुई पालमिसानो हे डॉक्टर आणि फेरिस पिंडेल हे बंदूक-कारागीर यांनी एक छोटं, जाडसर काडतूस तयार केलं. दोघांच्या आडनावांवरून त्याला पीपीसी म्हणतात. टेबलावर रायफल टेकवून एका छिद्रात पाच गोळ्या घालायची जी स्पर्धा असते, त्यात पीपीसीने बाकीच्यांना मागे टाकलं. त्यामागचा विचार असा होता की बुटक्या, रुंद कवचात प्रायमरची ज्वाळा एकाच वेळी जास्त दाण्यांपर्यंत पोचते, दारू दर वेळी एकसारखी पेटते आणि गोळ्यांच्या वेगात चढउतार कमी राहतात.

तोच आकार विंचेस्टरने २००१ साली मोठ्या शिकारीच्या मापात आणला. मूळ साचा आफ्रिकेतल्या हत्ती-रानम्हशींसाठी १९०५ साली निघालेल्या .४०४ जेफ्रीचा. त्याचं रुंद कवच कापून २.१ इंचांवर आणलं, खांदा ३५ अंशांचा केला, पट्टा काढून टाकला. कवचाचा व्यास बुडाशी ०.५५५ इंच आहे, पण अगदी खालची कड मुद्दाम ०.५३५ची ठेवली. हा बारकावा मला फार आवडतो. रायफलीचा बोल्ट काडतुसाला त्या कडेने पकडतो. कड जुन्या मॅग्नमांच्या मापाला ठेवल्याने बोल्टचं तोंड नव्याने आखावं लागलं नाही. विंचेस्टर मॉडेल ७० आणि ब्राउनिंग ए-बोल्ट या चालू रायफली नव्या काडतुसासाठी लगेच तयार होऊ शकल्या.

आता ती अर्ध्या इंचाची बचत. बोल्ट रायफलीत बार झाला की मूठ उचलून बोल्ट मागे ओढायचा, रिकामं कवच बाहेर पडतं, बोल्ट पुढे ढकलला की नवं काडतूस कोठीत जातं. बोल्ट किती मागे येणार हे काडतुसाची लांबी ठरवते. लांब काडतुसाला, बोल्ट ज्यात सरकतो तो पोलादी ढाचाही लांब लागतो, आणि काडतुसं आत-बाहेर करण्यासाठी त्या पोलादात वरून-खालून लांब खिडक्या कापाव्या लागतात. काडतूस आखूड झालं की ढाचा आखूड होतो, खिडकी लहान होते आणि दोन टोकांमधलं पोलाद जास्त ताठ राहतं. बार होताना ढाचा कमी वाकला तर नळी दर वेळी त्याच जागी परत येते. कोणत्याही तुळईचा हिशेब केलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. एक हजार यार्डांच्या नेमबाजीत .३०० शॉर्ट मॅग्नमने चांगलं नाव मिळवलं, त्यात त्याच्या आकाराइतकाच या ताठ ढाच्याचा वाटा आहे असं मी मानते.

वजनाचीही बचत होते, पण जाहिरातीत भासते तेवढी नाही. नुसता ढाचा शंभर ग्रॅमच्या आसपास हलका होतो. मॉडेल ७०मध्ये .३०० विंचेस्टर मॅग्नमला सहसा २६ इंची नळी मिळते, शॉर्ट मॅग्नमला २४ इंची. तिथे आणखी थोडं वाचतं. पहाटेच्या अंधारात नऊ हजार फुटांवरून चढायला लागलं, की दाट झाडीत न अडकणारी दोन इंच आखूड नळी मला त्या ग्रॅमांपेक्षा जास्त मोलाची वाटते.

‘कमी दारूत तेवढाच वेग’ हा दावा मी तपासून घेतला. खरोखरच शॉर्ट मॅग्नमला दहा टक्क्यांच्या आसपास कमी दारू पुरते. पण त्याची दाबाची मान्य मर्यादा ६५,००० पीएसआय आहे आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमची ६४,०००. म्हणजे आकाराच्या नावावर जमा केलेला काही फायदा दाबाच्या खात्यातला आहे. शिवाय बूड रुंद असल्यामुळे तेवढ्याच दाबाला बोल्टवर येणारा एकूण जोर जुन्या मॅग्नमपेक्षा पंधरा-सतरा टक्क्यांनी वाढतो. चांगल्या रायफली तो सहज पेलतात. फुकट मात्र काही मिळालेलं नाही.

किंमत मॅगझिनमध्येही मोजावी लागते. त्याच ढाच्यात साधी .३०८ विंचेस्टरची चार-पाच काडतुसं मावतात, ही जाडजूड तीनच. सरळ अंगाचं, तीव्र खांद्याचं काडतूस मॅगझिनमधून कोठीत सरकताना निमुळत्या काडतुसाइतकं गुळगुळीत जात नाही. ज्या कारागिराने मॅगझिनचे ओठ नीट घडवले त्याच्या रायफलीत हे जाणवत नाही. जिथे घाईने काम उरकलं आहे तिथे काडतूस अडखळतं. म्हणून विकत घेण्याआधी दुकानातच बनावट काडतुसं घालून बोल्ट सावकाश आणि जोरात, दोन्ही तऱ्हांनी चालवून पाहावा.

माझ्या पहिल्या कंपनीतले एक निवृत्त टूलमेकर, आता सत्तरी ओलांडलेले, यांनी मला गॅरेजमध्ये कवचं पुन्हा भरायला शिकवलं. त्यांचं सांगणं असं की काडतूस निवडताना वेगाचा तक्ता बाजूला ठेवायचा आणि गावातल्या दुकानाची फळी पाहायची. त्याचं मर्म मला शॉर्ट मॅग्नमच्या भावंडांकडे पाहून कळलं. २००२ साली .२७० आणि ७ मिलिमीटर शॉर्ट मॅग्नम आली, २००५ साली .३२५. रेमिंग्टननेही आपली वेगळी आखूड मॅग्नम काढली, जवळजवळ त्याच ताकदीची, पण मापं निराळी. २००३पासून विंचेस्टरने आणखी बुटकी ‘सुपर शॉर्ट’ मालिका आणली. ७ मिलिमीटरची घडण विचारपूर्वक होती: .२७०ची गोळी किंचित बारीक असल्याने ७ मिलिमीटरचं काडतूस चुकून .२७०च्या कोठीत गेलं तर अनर्थ होईल, म्हणून त्याचा खांदा थोडा पुढे ठेवला, म्हणजे ते आत जाणारच नाही. एवढी काळजी घेतलेलं हे काडतूसही मागे पडलं. एकाच गिऱ्हाइकापुढे चार वर्षांत इतकी काडतुसं मांडली तर दुकानदार कोणती ठेवणार? त्याने .३०० ठेवलं, काही ठिकाणी .२७० ठेवलं, आणि बाकीच्यांचे मालक आपापली कवचं जपून वापरू लागले.

पेटंटच्या भांडणानेही घोळ वाढला. बंदुकांवर लिहिणारे रिक जेमिसन यांनी आखूड मॅग्नमच्या आकारावर १९९९पासून पेटंटं मिळवली होती. विंचेस्टरची काडतुसं बनवणाऱ्या ओलिन कंपनीविरुद्ध ते कोर्टात गेले आणि शेवटी तडजोड झाली. त्याच सुमारास, २००६च्या मार्चमध्ये, न्यू हेवनचा विंचेस्टर रायफलींचा जुना कारखानाही बंद पडला. मॉडेल ७० काही काळाने दक्षिण कॅरोलायनात पुन्हा बनू लागली, पण नव्या काडतुसाला मुळं धरण्यासाठी जी वर्षं हवी होती ती अशी गेली. हे मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या आकारात दम होता.

प्रत्यक्ष डोंगरात किती फरक पडतो? रायफल दोनशे यार्डांवर नेमकी लावली असेल तर तीनशे यार्डांवर शॉर्ट मॅग्नमची १८० ग्रेनची गोळी सुमारे सात इंच खाली येते, .३०८ची सुमारे नऊ इंच. दोन इंचांचा फरक. एल्कच्या छातीत हृदय-फुप्फुसांचा जो भाग नेमासाठी असतो, तो फूटभराहून मोठा. तीनशे यार्डांच्या आत साधं .३०८ चोख काम करतं, हे मी कोणालाही सांगेन. पुढे मात्र फरक भराभर वाढत जातो, आणि मॅग्नमची गोळी तिथेही पसरण्याइतका वेग राखून असते. त्याची किंमत खांदा देतो: सारख्या वजनाच्या रायफलीत शॉर्ट मॅग्नमचा धक्का .३०८च्या सुमारे दीडपट. म्हणून आखूड ढाच्याने वाचवलेलं वजन आणखी छाटून अडीच किलोची पिसासारखी रायफल करण्याच्या मी विरोधात आहे. तिचा धक्का मनात बसला की चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात, आणि त्या एका क्षणाची शिक्षा जनावराला भोगावी लागते. माझी रायफल दुर्बिणीसकट पावणेचार किलोंची आहे. ती तशीच राहणार.

सध्या माझ्या गॅरेजमध्ये विषय आहे तो तांब्याच्या गोळ्यांचा. शिशाची गोळी आत फुटली की तिचे बारीक कण मांसात आणि रानात टाकलेल्या आतड्यांत राहतात. गिधाडं आणि गरुड ते खातात. कॅलिफोर्नियाने २०१९च्या जुलैपासून शिकारीत शिशाला पूर्ण बंदी केली. कोलोरॅडोत अशी सक्ती नाही, पण आमच्या घरात मुलं हेच मटण खातात, तेव्हा मी तांब्याकडे वळले. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. मॅगझिनची लांबी ठरलेली आहे, त्यामुळे जास्तीची लांबी कवचाच्या आत शिरते आणि दारूची जागा खाते. लांब काडतुसात हे खपून जातं. आखूडात एकेक मिलिमीटर मोजावा लागतो. हॉर्नडी कंपनीने २०१८ साली ६.५ पीआरसी हे काडतूस काढलं तेव्हा हेच ध्यानात घेतलं होतं. त्याचं कवच आखूड आणि पट्ट्याविनाच आहे, पण पूर्ण काडतुसाची लांबी २.९५५ इंच धरली आहे, म्हणजे लांब गोळीचं बूड दारूत फार खोल जात नाही.

माझ्या मॅगझिनमध्ये एवढी मोकळीक नाही. म्हणून मी १८० ग्रेनचा हट्ट सोडला. १६५ ग्रेनची तांब्याची गोळी कवचात कमी खोल बसते, वेगाने सुटते, आणि तांबं फुटून विखुरत नसल्यामुळे आत गेल्यावरही जवळजवळ पूर्ण वजन टिकवते. तीन वेगवेगळ्या मापांनी दारू भरून ठेवली आहे. या महिन्यात बर्फ ओसरलं की रेंजवर जाऊन तिन्ही मापं तपासायची, आणि ज्याच्या गोळ्या दोनशे यार्डांवर सर्वांत लहान वर्तुळात बसतील तेच ऑक्टोबरसाठी ठेवायचं.